प्राथमिक आरोग्य केंद्रातील सेवांबाबत उत्तरदायित्व नेमके कोणाकडे आणि कोणत्या मार्गाने मागावे?

कातळवाट (प्रश्न)

नमस्कार. मी नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आदिवासी भागातील एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे एक पद दीर्घकाळ रिक्त आहे. दुसरे डॉक्टर प्रशिक्षण, बैठका आणि शिबिरे यांत गुंतलेले असतात, त्यामुळे रात्री केंद्रावर बहुधा परिचारिका एकटीच असते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्यातील काही दिवस मिळतात, एरवी बाहेरून आणण्यासाठी चिठ्ठी दिली जाते. अलीकडे एका गरोदर महिलेला ग्रामीण रुग्णालयात पाठवताना वाहन उपलब्ध नसल्याचे सांगण्यात आले आणि घरच्यांनी उसने पैसे घेऊन खासगी जीप केली.

आम्ही तालुका पातळीवर लेखी तक्रार केली. "पदे रिक्त असून वरिष्ठ कार्यालयास कळविण्यात आले आहे," एवढेच उत्तर आले. गावातील तरुण केंद्राला टाळे ठोकण्याच्या गोष्टी करत आहेत. त्यांचा राग मला समजतो, पण टाळे लागले तर लसीकरणाचा दिवस बुडेल आणि ज्या परिचारिकेच्या हातात काहीच नाही तिलाच लोकांचे बोल ऐकावे लागतील, असे मला वाटते. शासनाला खरोखर उत्तर द्यावे लागेल असा कोणता मार्ग आहे? ज्यांनी असे काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

नोंदवही

ताई, तुमच्या तक्रारीत तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र आले आहेत आणि त्या तिन्हींची उत्तरे देणारी कार्यालये निराळी आहेत. एकाच अर्जात सर्व लिहिले की प्रत्येक कार्यालयाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येते, आणि "वरिष्ठांना कळविले आहे" हे उत्तर त्यातूनच जन्माला येते. म्हणून आधी प्रश्न वेगळे करावेत, अशी माझी सूचना आहे.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे तेथील दैनंदिन कामकाज, कर्मचाऱ्यांचे मुख्यालयी (नेमणुकीच्या गावी) राहणे, औषधांची मागणी आणि वाटप यांबाबत जिल्हा आरोग्य अधिकारी व मुख्य कार्यकारी अधिकारी उत्तरदायी आहेत. ग्रामीण रुग्णालय मात्र राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचे असते आणि त्याची तक्रार जिल्हा शल्यचिकित्सकांकडे जाते. वैद्यकीय अधिकाऱ्याचे नियमित पद भरणे हा निर्णय राज्य पातळीवरचा आहे. तो तालुका आरोग्य अधिकाऱ्याकडे मागत राहिल्यास वर्षानुवर्षे पोच मिळेल, डॉक्टर मिळणार नाही.

यानंतर माहितीचा अधिकार वापरावा, परंतु "औषधे का नाहीत?" असे विचारू नये. २००५ च्या अधिनियमाखाली अस्तित्वात असलेली कागदपत्रे मिळतात, स्पष्टीकरण मिळत नाही. त्याऐवजी मागील बारा महिन्यांत केंद्राने केलेल्या औषध मागणीपत्रांच्या प्रती, त्याच काळातील औषध साठा नोंदवहीची प्रत, मंजूर व भरलेल्या पदांचा तक्ता, आणि रुग्णवाहिकेची लॉगबुक मागावी. मागणी नोंदवलेली आहे पण पुरवठा आलेला नाही, असे दिसले तर प्रश्न जिल्ह्याला विचारायचा, आणि मागणीच नोंदवलेली नसेल तर केंद्राला. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवावा लागतो, म्हणून औषधे, पदे आणि वाहन यांसाठी तीन स्वतंत्र अर्ज करावेत. प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरेसा आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास प्रथम अपील करावे आणि ते टाळू नये, कारण पुष्कळ अर्ज अपील न केल्यामुळेच वाया जातात. रुग्णांची नावे असलेल्या नोंदी मात्र मागू नयेत. त्या मिळणार नाहीत आणि मिळणेही योग्य नाही.

वाहनाच्या प्रसंगाकडे तर मी सर्वांत गांभीर्याने पाहतो. २०११ पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी संस्थेत प्रसूती होणाऱ्या प्रत्येक महिलेला घरापासून दवाखान्यापर्यंत, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात आणि परत घरी नेण्याची सोय विनामूल्य आहे. त्या कुटुंबाने जीपसाठी दिलेले पैसे परत मिळावेत असा लेखी अर्ज अवश्य करावा. रक्कम किती आहे यापेक्षा, सेवा नाकारली गेली याची नोंद शासनाच्या दप्तरी होणे अधिक महत्त्वाचे आहे.

निवृत्त आरोग्य सहाय्यिका

मी या व्यवस्थेत आतून काम केले आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते. ताईंनी परिचारिकेची काळजी केली हे वाचून मला मनापासून बरे वाटले. गावाला दिसणारे शासन म्हणजे परिचारिका, आरोग्य सेविका आणि आशा. त्यामुळे राग त्यांच्यावर निघतो, आणि अधिकाऱ्यांची पाहणी आली की कारणे दाखवा नोटीसही त्यांनाच मिळते. त्यांतील अनेकजणी राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या कंत्राटी पदांवर असतात, दरवर्षी नेमणूक पुढे चालू राहील की नाही या चिंतेत असतात, आणि म्हणून औषध संपले हे वरिष्ठांना लेखी कळवण्यासही कचरतात.

गोळ्यांबाबत सांगते. साठा संपण्याआधी मागणी गेली पाहिजे हा नियम सर्वांना माहीत असतो, परंतु मागणी केली तेवढा पुरवठा येईलच असे नसते. औषध खरेदीची राज्य पातळीवरील व्यवस्था गेल्या दशकात दोनदा बदलली. २०१७ पासून खरेदी हाफकिन या राज्य शासनाच्या महामंडळामार्फत होऊ लागली आणि २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. अशा प्रत्येक बदलाचा ताण शेवटच्या केंद्राला सोसावा लागतो. रुग्ण कल्याण समितीच्या, म्हणजे केंद्राचा निधी कसा खर्चायचा हे ठरवणाऱ्या स्थानिक समितीच्या, निधीतून स्थानिक खरेदी करता येते, पण समितीची बैठकच झाली नाही तर तो पैसा पडून राहतो. तुमच्या केंद्राच्या समितीची शेवटची बैठक केव्हा झाली, इतिवृत्तावर कोणाच्या सह्या आहेत आणि निधी कशावर खर्च झाला, हे आधी पाहा. माझ्या अनुभवाने सांगते, सर्वांत जास्त माहिती या एका वहीतून मिळते.

आणखी एक गोष्ट. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांमध्ये केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सर्व उपचार विनामूल्य आहेत. तरीही गावकरी खिशात पैसे ठेवूनच केंद्रावर येतात, कारण हे त्यांना कोणी ठळकपणे सांगितलेलेच नाही. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ते मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

लोकसंवाद

वरील दोन्ही उत्तरे मला पटतात, पण एक सदस्य एकटी अर्ज करत राहिली तर ती थकते आणि व्यवस्था तिच्या थकण्याची वाट पाहू शकते. महाराष्ट्रात याला पर्याय ठरेल असा अनुभव आहे, म्हणून तो मांडतो. २००७ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत नऊ राज्यांत आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला आणि आपल्या राज्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे हे जिल्हे त्यासाठी निवडले गेले. पुण्याच्या 'साथी' संस्थेने राज्य पातळीवर समन्वय केला.

पद्धत साधी होती आणि तिचे बळ त्या साधेपणातच होते. गावातील लोक एकत्र बसून लसीकरण, औषधे, प्रसूती सेवा, कर्मचाऱ्यांचे वागणे अशा प्रत्येक सेवेला हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा देत. त्यातून गावाचे आणि आरोग्य केंद्राचे प्रगतिपत्रक तयार होई. मग जनसुनवाई भरे, तीत लोक आपले अनुभव मांडत आणि वैद्यकीय अधिकारी, तालुका व जिल्हा आरोग्य अधिकारी सर्वांसमोर उत्तर देत. बंद दालनात "पाहतो, करतो" म्हणणे सोपे असते, परंतु शंभर माणसांसमोर, इतिवृत्त लिहिले जात असताना दिलेल्या मुदतीला वजन येते. बाहेरून औषधे आणायला लावणे, बेकायदा पैसे घेणे, बंद पडलेली उपकेंद्रे अशा स्थानिक प्रश्नांत या प्रक्रियेने अनेक ठिकाणी खरा फरक पडला. मर्यादाही सांगितली पाहिजे. रिक्त पदे आणि औषध खरेदी यांसारखे, ज्यांचा निर्णय मुंबईत होतो असे प्रश्न जनसुनवाईत वारंवार आले आणि वारंवार तसेच राहिले.

शासकीय निधी नसतानाही ही पद्धत तुम्हाला वापरता येईल. आपल्या गावाची आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती अस्तित्वात आहेच. तिला दरवर्षी मिळणाऱ्या अबंधित (गावाच्या गरजेप्रमाणे खर्च करता येणाऱ्या) निधीचा हिशोब ग्रामसभेत वाचून सुरुवात करा. स्वतःचा हिशोब आधी उघडा केलेले गाव केंद्राचा हिशोब मागते तेव्हा त्याला कोणी अडवू शकत नाही. तुमच्याच केंद्राखालील इतर गावांनाही बरोबर घ्या. केंद्र आदिवासी भागात साधारण २०,००० लोकसंख्येसाठी असते, त्यामुळे एका गावाची तक्रार ही त्या एका गावाची कुरबुर मानली जाते, आणि पाच-सहा ग्रामसभांचे एकाच मजकुराचे ठराव आले तर तसे म्हणता येत नाही.

कातळवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. औषधांचा अर्ज आणि समितीचे इतिवृत्त, दोन्ही या आठवड्यात मागते. तरुणांशीही बोलले. टाळ्याऐवजी जनसुनवाई घेण्यास ते तयार आहेत, पण "अधिकारी आलेच नाहीत तर काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय रिक्त पदाचा निर्णय वरच होणार असेल तर उच्च न्यायालयात जाण्याचा काही उपयोग होतो का?

नोंदवही

अधिकारी आले नाहीत तरी जनसुनवाई घ्यावी. निमंत्रण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे लेखी द्यावे, पोच घ्यावी आणि अनुपस्थितीची नोंद इतिवृत्तात करावी. तेच इतिवृत्त घेऊन महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे होणाऱ्या लोकशाही दिनात, म्हणजे तक्रारी ऐकण्याच्या दिवशी, जाता येते.

न्यायालयाबाबत सावधपणे लिहितो. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग असल्याचे म्हटले आणि पैशांच्या टंचाईची सबब मान्य केली नाही. म्हणजे तत्त्व तुमच्या बाजूचे आहे. परंतु मेळघाटातील बालमृत्यू आणि कुपोषणाविषयीच्या जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालल्या आणि आदेशांनंतरही डॉक्टर तेथे टिकण्याचा प्रश्न संपला नाही. याचिका करायची झाल्यास आज जमवलेली कागदपत्रेच तिचा आधार ठरतील, म्हणून हे काम वाया जाणार नाही.

पदाचा प्रश्न मी आधी विधिमंडळात न्यावा असे म्हणेन. आपल्या आमदारांना मंजूर पदांचा तक्ता आणि ग्रामसभांचे ठराव देऊन तारांकित प्रश्न (ज्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात द्यावे लागते असा) विचारण्याची विनंती करा. त्याचे उत्तर आरोग्यमंत्र्यांच्या नावाने येते आणि कामकाजात छापले जाते. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६-१७ ते २०२१-२२ या काळातील राज्याच्या आरोग्य सेवांचे लेखापरीक्षण केले असून त्यातही डॉक्टर व परिचारिकांच्या कमतरतेवर बोट ठेवले आहे. त्या अहवालाचा उल्लेख प्रश्नात असावा.

जिल्हा परिषदेकडे वेगळे पत्र द्या. राज्यातील अनेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढे दीर्घकाळ कारभार प्रशासकांकडे होता. त्या काळात निवडून आलेल्या सदस्यांची आरोग्य समितीच नव्हती, त्यामुळे केंद्रांच्या कामाचा आढावा तेथे कोणत्या बैठकीत घेतला गेला, तिची कार्यवृत्ते मागवा. माहिती अर्जाचा मसुदा तयार झाला की येथे टाका, शब्दमर्यादेत बसवून देतो.