मदत हवी आहे: इफ्फीला आईसोबत, पणजीत राहायचं कुठे?

नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, यायचं ठरतंय, सोबत आई. तिला दिवसाला एकच सिनेमा झेपतो, मला चारही कमीच! मी आयनॉक्स थिएटरच्या रांगेत असताना तिला एकटीने निवांत फिरता येईल अशा भागात खोली हवी. फोंतेन्हास, म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती, कसं? रंगीत भिंती, शिंपल्यांच्या खिडक्या, गीतांजली गॅलरी, सगळं जवळ. पण तिथल्या पायऱ्या-चढ तिच्या गुडघ्यांना जमतील का? की कांपालला, कला अकादमीच्या आसपास, मांडवीकाठी बरं? रात्रीच्या शोनंतर रिक्षा मिळते का? आई काही पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसायची नाही. आणि डेलिगेट पास असून आगाऊ बुकिंग हुकलं, तर रश लाइनमधून (बुकिंग नसलेल्यांच्या रांगेतून) खरंच आत सोडतात का? शाकाहारी खानावळही सुचवा, प्लीज.