एका दिवसाचा डोंगर: काय ठरवलं होतं, काय झालं?

पाऊस जरा स्थिरावला की शनिवारी रात्री प्रत्येक ग्रुपवर एकच प्रश्न येतो, 'उद्या कुठे?' आणि सकाळी सहाला नाशिकच्या त्र्यंबक रोडवर बाइकींची रांग लागते. ठिकाणांच्या याद्या भरपूर आहेत, त्या इथे नकोत. निघण्याआधी काय ठरवलं होतं आणि डोंगरावर गेल्यावर त्यातलं काय टिकलं, तेवढं सांगा, नावाऐवजी वर आपला भाग लिहून. सुरुवात मीच करते.

इंदिरानगर
हरिहर किल्ला. आम्ही पाच जणी. पाणी, डबे, रेनकोट, सगळ्याची यादी केली होती. फक्त उतरायला किती वेळ लागेल हे कुणी धरलंच नव्हतं. चढायला दोन तास, मग उतरायला एक, असा आपला हिशोब! त्या कातळातल्या पायऱ्या चढताना भीती वाटत नाही, कारण तोंड दगडाकडे असतं आणि हात खोबणीत. वर महादरवाजा, पुढे कातळातून वाकून जायची वाट, पुन्हा पायऱ्या, माथ्यावर मारुतीचं दर्शन, डबे... दीड वाजला. उतरायला आलो तर खालून चढणाऱ्यांची रांग. पायरीवर एका वेळी एकच माणूस मावतो. पाऊण तास दरवाजात उभ्या. मग शिडी उतरतात तसं, दगडाकडे तोंड करून, एकेक पाय चाचपत. मधल्या पायरीवर माझी मैत्रीण थिजली. 'मी इथेच थांबते,' म्हणाली. खालचा एक अनोळखी मुलगा तिची टाच धरून प्रत्येक खोबणीत ठेवत गेला, तेव्हा कुठे ती उतरली. त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही.
आता मी रविवारी हरिहरला जात नाही. आणि बारा वाजले की जिथे असू तिथून मागे.

म्हसरूळ
मुलांना पहिल्यांदा न्यायचं तर रामशेज. पेठ रोडने आशेवाडी, तासाभराची चढण, मध्ये रामाचं देऊळ. मुघलांना हा एवढासा किल्ला पाच वर्षांहून जास्त काळ दाद देईना, हे सांगितलं की पोरं दमल्याचं विसरतात. एप्रिलमध्ये मात्र चुकूनही नको. आम्ही तिघांत दोन लिटर पाणी नेलं होतं, ते देवळापर्यंतच संपलं. मुकाट परत आलो.

कॉलेज रोड
अंजनेरीला लोक मारुतीचं जन्मस्थान म्हणून जातात, मी कंदिलपुष्पासाठी जाते. त्याचं शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका, नावातच डोंगर आहे. पावसाळ्याच्या शेवटी गवतात गुडघे टेकून शोधावं लागतं. फूल लहानसं, पाय कुठे पडतोय ते बघितलं नाही तर तुडवलंच. म्हणून हात जोडून सांगते, पठारावर मळलेली वाट सोडू नका. इथे राखीव संवर्धन क्षेत्र आहे. आणि माकडं! माझी पोळीभाजी पिशवीसकट गेली. खाणं सॅकच्या आत, चेन लावून. हातात पिशवी दिसली की ती त्यांचीच.

नाशिकरोड
वय ६३. ब्रह्मगिरी दरवर्षी, पण श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची गर्दी टाळून. माझं नियोजन म्हणजे बूट. तळवा झिजलेला बूट शेवाळलेल्या पायरीवर साबणासारखा सरकतो, हे मी मनगट मोडून शिकलो. नवा बूटही थेट डोंगरावर नको, आठवडाभर गोदापार्कला घालून फिरा. सोबत काठी, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, नातवाची शिट्टी. धुक्यात हाका कुठून येतात ते कळत नाही, शिट्टी निदान लांबवर जाते.

सिडको
कळसूबाईबद्दल एकच. नाशिकहून घोटीमार्गे बारी गाव जवळ आहे म्हणून 'आठला निघू' म्हणू नका. १६४६ मीटर आहे ते. परतताना अंधार झाला, मोबाइलची टॉर्च लावून उतरलो आणि गाडीपाशी पोचेस्तोवर बॅटरी संपली. घरी फोन करायला फोनच नाही. डोक्याला बांधायची टॉर्च घ्या.

निरगुडपाडा
मी हरिहरच्या पायथ्याचा. तुम्ही सगळे पाणी-बूट लिहिता, ठीक आहे. पण गाडी लावता तिथल्या माणसाला सांगून जा, किती जण, कधी येणार. आणि आल्यावर 'आलो बरं का' म्हणून परत सांगा. संध्याकाळी गाडी तशीच उभी दिसली की आमच्या जीवाला घोर. मागच्या पावसाळ्यात अशीच एक गाडी रात्री आठपर्यंत उभी. आम्ही चौघं बॅटऱ्या घेऊन, ओरडत पार पायऱ्यांपर्यंत जाऊन आलो. मंडळी वाट चुकून पलीकडे हर्षेवाडीला उतरली होती आणि एका घरी पिठलं-भाकरी खात बसली होती.

इंदिरानगर
दादा, आम्हीही त्या दिवशी न सांगताच निघालो होतो. पुढच्या वेळी आधी तुमच्याकडे चहा, मग चढण.