मदत हवी आहे : जुना आय७ घ्यावा की जुना आय५?

सेकंडहँड लॅपटॉप घ्यायचाय. सोलापुरात नवी पेठेत दोन बघून ठेवलेत, दोन्ही १४ इंची, २५६ जीबी एसएसडी. एकात इंटेलचा कोअर आय७-७६००यू प्रोसेसर आणि १६ जीबी रॅम. दुसऱ्यात आय५-८३५०यू, रॅम ८ जीबी (एक स्लॉट रिकामा आहे, खोलून बघितलं). आय७वाला दोन हजारांनी महाग.

दुकानदार म्हणतो, "आय७ ते आय७च." कागदावर मात्र उलटं दिसतंय. सातव्या पिढीच्या त्या आय७मध्ये कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) २ आणि थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं) ४, आठव्या पिढीच्या आय५मध्ये ४ आणि ८. कमाल वेग तेवढा आय७चा जास्त, ३.९ गिगाहर्ट्झ; आय५चा ३.६. शिवाय विंडोज ११च्या अधिकृत यादीत ८३५०यू आहे, ७६००यू नाही. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट तर ऑक्टोबर २०२५मध्येच संपला.

काम टॉवेल कारखान्याच्या हिशेबाचं: टॅली, मोठ्या एक्सेल शीट, क्रोमचे ढीगभर टॅब, अधूनमधून कोरलड्रॉ. गेम नाही. नवीन घ्या म्हणू नका, तेवढं बजेट नाही.

दोन्ही चालवून बघितले, पण दुकानातल्या एसीत दहा मिनिटं काय, कुठलाही पळतोच की! आमचं ऑफिस पत्र्याचं, एप्रिल-मेमध्ये बाहेरच ४२ अंश.

दोन्ही प्रोसेसर १५ वॅटचेच, म्हणजे उष्णतेची मर्यादा कागदावर सारखीच. मग अशा उकाड्यात चार कोअरवाला आय५ तापून इतका मंदावतो का, की दोन कोअरचा आय७ बरा वाटावा? की आणखी ८ जीबी रॅम टाकून आय५च घेऊ?