अनुभव धागा: वर्गातलं तंत्रज्ञान, मुलांसोबत ठरवलेलं

प्रोजेक्टर चालू होईना की "कुणाला येतं रे हे?" अशी हाक वर्गात जातेच. इथे तेवढ्यापुरतं नको. कोणतं साधन घ्यायचं, कशासाठी आणि कधी बंद ठेवायचं, हे शिक्षकांनी मुलांसोबत बसून ठरवलं असेल तर लिहा. फिसकटलेले प्रयोगही चालतील. मुलांनो, तुम्हीही लिहा.

गणिताच्या बाई
जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये y = ax² + bx + c या वर्गसमीकरणाचा आलेख करून नेला होता. ए, बी, सी तिन्हींना स्लायडर, म्हणजे ओढून किंमत बदलायची पट्टी. ए आणि सी दाखवून थांबायचा बेत होता, कारण बी बदलल्यावर काय होतं ते तोंडी समजावणं किचकट. एका मुलीने नेमका तोच ओढला. आलेख नुसता बाजूला सरकेना, वरखालीही व्हायला लागला. ती म्हणाली, "बाई, शिरोबिंदूचा माग चालू करा ना." म्हणजे आलेखाचं वळणाचं टोक जिथून जाईल तिथे रेघ उमटू द्या. केला, तर शिरोबिंदू स्वतःच एक अन्वस्त (तसाच वाटीसारखा वक्र) काढत गेला, मूळ आलेखाच्या उलट तोंडाचा! उरलेला तास त्या मागाचं समीकरण काढण्यात गेला. आता मी फाईल अर्धवटच नेते. कोणते स्लायडर हवेत ते वर्ग सांगतो.

सध्या कॉलेजात
शाळेत मी वर्गाचा 'तंत्रज्ञान प्रमुख' होतो. म्हणजे केबल लाव, आवाज येत नाही बघ, शेजारच्या वर्गात जाऊन ये. तेवढ्यात इकडे धडा पुढे गेलेला असायचा. काय दाखवायचं हे मला एकदाही कुणी विचारलं नाही. याला भागीदारी म्हणू नका, ही फुकटातली दुरुस्ती सेवा.

विज्ञानाचे सर
विद्युत परिपथासाठी फेटची (PhET) सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावरचे आभासी प्रयोग, वापरतो. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू झालेला हा उपक्रम. उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. मी आधी पडदा, मग खऱ्या तारा असं करायचो. मुलांनी क्रम उलटा मागितला. म्हणे, "पडद्यावर दिवा लगेच लागतो. खरा नाही लागला की आम्हाला आपणच ढ वाटतो." पटलं. आता आधी सैल तारांशी झटापट होते आणि मग पडद्यावर जोडणी तपासतात. प्रश्नही जास्त नेमके येतात.

प्राथमिकची ताई
स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत केलेली माझी प्रश्नमंजूषा मोठ्या मुलांनी रीमिक्स केली, म्हणजे तिची प्रत घेऊन बदलली. चुकीच्या उत्तराला हसण्याचा आवाज जोडला. परिणाम: लहानगी मुद्दाम चुकीचं उत्तर दाबायला लागली! आवाज काढायचा की बरोबर उत्तराला द्यायचा, यावर मोठ्यांची बैठक झाली. मी फक्त ऐकत होते.

भाषा शिक्षक
वरचं सगळं छान, पण गुण माझ्या हातात असताना "सर, हे ॲप कंटाळवाणं आहे" असं तोंडावर कोण म्हणणार? मी बिननावाच्या चिठ्ठ्या घेतो, तरी अक्षर ओळखू येतं. बोलतात तीही ज्यांच्या घरी संगणक आहे तीच मुलं. बाकीच्यांना बोलतं करणारी काही युक्ती कुणाकडे असेल तर सविस्तर लिहा.