प्रॉपर्टीग्रिडमध्ये लेबलं मराठीत कशी दाखवायची?

पऱ्हाटीवाला:
नमस्कार मंडळी, दारव्ह्याकडच्या एका जिनिंगसाठी (कापसातून सरकी काढायचा कारखाना) काटापट्टीचं, म्हणजे वजनाच्या पावतीचं सॉफ्टवेअर करून रायलो, सी शार्प अन् विनफॉर्म्समध्ये. सेटिंगच्या खिडकीत प्रॉपर्टीग्रिड (सेटिंगचं नाव अन् किंमत दाखवणारा तयार तक्ता) टाकली, काम झटपट झालं, पण त्यात क्लासमधलं नाव जसंच्या तसं दिसते, ग्रॉसवेट, टेअरवेट, मॉइश्चरलिमिट. काट्यावरचा माणूस दहावी शिकलेला हाय, रोज फोन करून विचारते भाऊ हे काय म्हणते. डिस्प्लेनेममध्ये (लेबल ठरवणारं अॅट्रिब्यूट, कोडमध्ये प्रॉपर्टीवर लावायची खूण) सरळ मराठी लिहिलं तर दिसते, पण मालकाच्या पोराले इंग्रजीच पाहिजे. म्हणून रिसोर्स फाईलमधून (भाषेप्रमाणे शब्द ठेवायची फाईल) नाव उचलाले गेलो तर कंपायलर म्हणते अॅट्रिब्यूटमध्ये कॉन्स्टंटच चालते. सीतादही (कापूस वेचणीच्या आधीची पूजा) झाली की गाड्यांची रांग लागते, त्याच्या आधी हे झालं पाहिजे. सांगा न कोणी.

वर्धेकर:
कंपायलर बरोबर बोलतोय, अॅट्रिब्यूटमधली किंमत कंपाईल होतानाच पक्की व्हावी लागते. पण डिस्प्लेनेमअॅट्रिब्यूट हा क्लास सील्ड (म्हणजे बंद, पुढे वाढवता न येणारा) नाही आणि त्याची डिस्प्लेनेम प्रॉपर्टी व्हर्च्युअल (म्हणजे ओव्हरराईड करून बदलता येणारी) आहे, तिथेच रस्ता आहे. त्याच्यावरून आपला एक क्लास काढायचा, कन्स्ट्रक्टरला फक्त किल्ली द्यायची, समजा 'टेअर', आणि ओव्हरराईडमध्ये रिसोर्समॅनेजरच्या गेटस्ट्रिंगने नाव परत द्यायचं. किल्ली कॉन्स्टंट, नाव मात्र चालताना ठरतं. कॅटेगरीला (ओळींच्या गटाचं नाव) गेटलोकलाईज्डस्ट्रिंग ओव्हरराईड करा, वर्णनाला डिस्क्रिप्शन. डेटाअॅनोटेशन्समधलं डिस्प्ले अॅट्रिब्यूट वापरू नका, विनफॉर्म्सची ग्रिड त्याच्याकडे बघतच नाही, माझे दोन दिवस त्यातच गेले होते. आणि भाषा बदलायची ती करंटयूआयकल्चर, करंटकल्चर नाही, त्याने तारखा, आकडे असलं बदलतं, लेबलं नाही.

पऱ्हाटीवाला:
जमलं भाऊ!! लॅपटॉपवर झकास मराठी येऊन रायलं. पण पेनड्राईव्हवर ईएक्सई नेऊन काट्याच्या कॉम्प्युटरवर टाकली तर पुन्हा इंग्रजी, एररही नाही काही नाही.

वर्धेकर:
एकटी ईएक्सई नेली असेल. मराठी रेसएक्सची (रिसोर्स फाईलची) वेगळी डीएलएल बनते, ती ईएक्सईच्या शेजारी 'एमआर' नावाच्या फोल्डरात असते, ते फोल्डरही न्यावं लागतं. नाही सापडलं तर प्रोग्राम गुपचूप मूळ भाषेवर जातो, म्हणून एरर दिसत नाही. आणि कल्चर पहिला फॉर्म उघडायच्या आधी, मेनमध्येच (प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथे) लावा. चालू प्रोग्राममध्ये भाषा बदलली तर प्रॉपर्टीचं नाव बदलतं पण कॅटेगरी आणि वर्णन जुनंच राहतं, एकदा वाचलं की ते धरून ठेवतं, त्यापेक्षा प्रोग्राम बंद करून उघडायला सांगा.

काट्यावरची:
मी यवतमाळ जिल्ह्यातच तीन हंगाम काट्यावर पट्ट्या फाडल्या आहेत, तर शब्दांबद्दल सांगते, कारण कोड बरोबर असूनही आमची अडचण तिथेच व्हायची. शब्दकोशातून 'आर्द्रता मर्यादा' टाकू नका, काट्यावर सगळे ओलावा म्हणतात नाहीतर नमी. ग्रॉस म्हणजे भरती गाडी, टेअर म्हणजे खाली (रिकामी) गाडी, हे लिहिलं तर नवीन पोरगाही चुकत नाही. लेबल लहान ठेवा आणि बाकीचं खालच्या वर्णनाच्या चौकटीत लिहा, जसं ओलाव्याच्या खाली 'सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, १२ च्या वर माल घेत नाहीत'. गठाणीच्या (रुईच्या गाठीच्या) खाली तिचं वजन १७० किलो. शेतकरी बिचारा समोर उभा राहून स्क्रीनकडेच बघत असतो, त्यालाही वाचता आलं पाहिजे, तो त्याच्या वर्षभराच्या कापसाचा हिशोब आहे.

पऱ्हाटीवाला:
ताई लय बरं सांगितलं, आर्द्रताच लिहिलं होतं मी, काढून टाकलं. एक अजून झालं, मराठी नावं आल्यावर ओळींचा क्रम बदलला, 'खाली गाडी' वर गेली अन् 'भरती गाडी' खाली आली.

वर्धेकर:
कॅटेगरीच्या आत ग्रिड ओळी दिसणाऱ्या नावावरून लावते, ख आधी, भ नंतर. प्रॉपर्टीसॉर्ट फक्त कॅटेगराईज्ड ठेवा, अल्फाबेटिकल काढा, मग शक्यतो क्लासमध्ये लिहिलाय तोच क्रम येतो.