छोट्या धंद्याने कॉम्प्युटरवाल्याला दरमहा पैसे द्यावेत का?

शिलकी_खाते

परवा एका जुन्या स्नेह्यांशी वाद झाला. त्यांचा सवाल साधा होता: "कॉम्प्युटर चालू आहे ना? मग चालू वस्तूवर दर महिन्याला खर्च कसला?" तिथे नीट उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

आमचं ऑफिस आठ जणांचं, डिझाईन आणि छपाईची कामं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्याकडे "बघतो" नावाची व्यवस्था होती. प्रिंटर अडला की हिशेब बघणारे गृहस्थ स्वतःचं काम टाकून उठायचे, कारण त्यांना "त्यातलं कळतं". मग एका सकाळी त्यांच्याच मशीनमधून टक्... टक्... असा आवाज यायला लागला. दुपारपर्यंत हार्ड डिस्क गेली. बॅकअप होता, ड्रॉवरमध्ये रबरबँडांच्या गुंत्यात पडलेल्या पेनड्राइव्हवर. अकरा महिने जुना.

पुढचे तीन आठवडे दोन माणसं कागदी बिलं समोर घेऊन पुन्हा एंट्र्या मारत बसली. गंमत म्हणजे या नुकसानाचं बिल आम्हाला कुणीच पाठवलं नाही, त्यामुळे ते वहीत कुठेच दिसत नाही. देखभालीचं बिल मात्र दर महिन्याला येतं, आणि तेच डोळ्यांत खुपतं.

फाइली लॉक करून खंडणी मागणारा वॉनाक्राय व्हायरस आठवतोय का? मे २०१७. दीडशेहून अधिक देशांत कॉम्प्युटर लॉक झाले. तो ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. दोन महिने हातात होते. अनेक ठिकाणी ते बसवणं हे कुणाचंच काम नव्हतं, एवढंच.

तेव्हा माझं मत: पाच-दहा माणसांचा धंदा असला तरी बाहेरचा एक जाणकार माणूस आधीपासून बांधून ठेवावा, आणि बरे कॉम्प्युटर घ्यावेत. बोला.

खर्चाचा_वैरी

नावाप्रमाणे विरोधात.

एक, तुमची गोष्ट कॉम्प्युटरवाल्याची नाहीच, बॅकअपची आहे. दर शुक्रवारी एक डिस्क जोडून कॉपी मारायला तज्ज्ञ कशाला लागतो? आळस तुमचा आणि औषध मासिक हप्त्याचं!

दोन, छोट्या धंद्यांनी खरं उपयोगाचं तंत्रज्ञान स्वतःहूनच उचललं आहे. १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क आलं, घरगुती कॉम्प्युटरवरची पहिली स्प्रेडशीट. ते चालवता यावं म्हणून लोकांनी ॲपल टू हे कॉम्प्युटर विकत घेतले. ज्यांना रोज आकडेमोड करावी लागायची त्यांनी ते बघितलं आणि आपलं आपण शिकले, कारण हिशेब पटकन सुटत होता. उपयोगी वस्तूला पटवून द्यावं लागत नाही.

तीन, माझ्याकडेही करार होता. माणूस यायचा, "रीस्टार्ट करून बघितलंत का?" विचारायचा, सही घेऊन जायचा. वर्षाच्या शेवटी त्याने सर्व्हर घ्यायला सांगितलं. सहा माणसांना सर्व्हर! का, तर "पुढे वाढाल तेव्हा". निळे दिवे लुकलुकणारी ती पेटी दोन वर्षं गरम हवा सोडत बसली. भीती दाखवून विकायचं, हाच या लोकांचा धंदा.

दुपारची_झोप

आमच्याकडे भाचा आहे. सगळं तोच बघतो. करार वगैरे नाही, जेवायला घातलं की झालं.

फिरता_तंत्रज्ञ

तो "रीस्टार्ट केलंत का" विचारणारा माणूस मीच. म्हणजे तुमच्याकडचा नव्हे, पण जात तीच.

वैरीसाहेब, सर्व्हरबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. आमच्यात असा माल गळ्यात मारणारे आहेत. पण शुक्रवारच्या कॉपीबद्दल थोडं सांगू द्या, कारण तिथेच लोक फसतात.

बहुतेक ठिकाणी ती डिस्क शुक्रवारी जोडतात आणि मग काढतच नाहीत. कोण पुन्हा वाकून केबल लावणार! खंडणीवाला व्हायरस शिरला की तो मशीनला जोडलेलं सगळं लॉक करतो, ही डिस्कसुद्धा. मूळ आणि नक्कल दोन्ही एकाच मिनिटात गेले. दुसरा प्रकार, "आमचं सगळं क्लाउडला सिंक होतं." सिंक म्हणजे आरसा. तुम्ही इकडे फाइल उडवली की तिकडूनही उडते. जुन्या आवृत्त्या राखून ठेवायची सोय चालू असेल तर वाचाल, पण ती किती दिवसांची आहे हे कुणी बघितलेलं नसतं.

बाकी आमचं काम दिसत नाही हा आमचा रोगच आहे. सोडून गेलेल्या माणसाचं ईमेल खातं त्याच दिवशी बंद करणं. रोज वापरायच्या लॉगिनला ॲडमिनचे अधिकार न ठेवणं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर कुठलं मशीन बदलायचं आणि कुठलं नाही याची यादी आधी करणं. हे सगळं व्यवस्थित झालं की वर्षभर काहीच घडत नाही, आणि मग मालक म्हणतात, "काही घडलंच नाही, मग याला पैसे कशाचे?"

खर्चाचा_वैरी

बरं, मग याचं उत्तर द्या. २ जुलै २०२१. कासेया नावाच्या कंपनीचं सॉफ्टवेअर. ते कोण वापरतं? तुमच्यासारखे देखभालवाले, गिऱ्हाइकांची मशीनं दुरून सांभाळायला. हल्लेखोर त्यातूनच शिरले आणि कंपनीच्या अंदाजाने आठशे ते पंधराशे धंदे एका फटक्यात लॉक झाले. स्वीडनमधल्या कोऑप दुकानांचे गल्ले चालेनात, सुमारे आठशे दुकानं बंद ठेवावी लागली. या लोकांनी तर तुमचं ऐकलं होतं! व्यावसायिक देखभाल घेतली होती. कुंपणानेच शेत खाल्लं.

आणि १९ जुलै २०२४? क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट, आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीनं आडवी. संरक्षणासाठी पैसे मोजणाऱ्यांचीच. त्या दिवशी माझा जुनाट कॉम्प्युटर मजेत चालू होता.

दुपारची_झोप

भाच्याचा कॉम्प्युटरपण चालू होता.

हिशेबनीस_ताई

दोघेही मालकाच्या खुर्चीतून बोलताय. मी टेबलाच्या या बाजूची.

आमच्याकडे मागच्या वर्षी पैसे गेले ते व्हायरसने नाही. नेहमीच्या पुरवठादाराकडून मेल आला: बँक बदलली आहे, यापुढे या खात्यावर भरा. आधीच्या मेलच्या साखळीतच उत्तर म्हणून आला होता, खाली त्यांची सही, बिलाचा नंबर बरोबर. त्यांचा मेलबॉक्स कुणीतरी आधीच उघडून वाचत बसलं होतं. मी पैसे भरले. बारा दिवसांनी खऱ्या माणसाचा फोन आला, "ताई, आमचं राहिलंय." माझ्या हातापायांतलं बळच गेलं.

अँटिव्हायरस होता, करारही होता. दोघांनाही त्यात चुकीचं काही दिसणं शक्य नव्हतं. आता नियम एकच आहे: खातं बदलल्याचा मेल आला की डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करायचा, मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नाही. खर्च, एका फोनचा.

पण याच घटनेनंतर सगळ्यांच्या मेलला दुसरी पायरी लावली, पासवर्डनंतर मोबाईलवरचा कोड. ती लावताना आमच्या कंत्राटदाराने दोन तास बसून एकेकाला शिकवलं. मी तीन वेळा कोड चुकवला, तरी तो वैतागला नाही. भाच्याने ते केलं असतं का? मला शंका आहे.

जाता जाता, साहेबांनी हौसेने घेतलेलं स्टॉकचं सॉफ्टवेअर आम्ही अजून वापरतो, आणि रजिस्टरही लिहितो. दोन्हीकडे. "सवय होईपर्यंत" असं ठरलं होतं. चार वर्षं झाली.

जुना_कारखानदार

ताईंचं शेवटचं वाक्य वाचून लिहायला घेतलं. खरं दुखणं तिथे आहे.

अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये टोमणा मारला होता, की कॉम्प्युटरचं युग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. १९९० मध्ये पॉल डेव्हिड या इतिहासकाराने याचा उलगडा विजेच्या उदाहरणाने केला. कारखान्यांत वीज आली तेव्हा मालकांनी वाफेचं इंजिन काढलं आणि त्याच जागी एक मोठी मोटर बसवली. सगळी यंत्रं फिरवणारा छतातला लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, तोच, पट्टे तेच, यंत्रांची मांडणी तीच. फायदा बेताचाच झाला. पुढे प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, शाफ्ट गेला, यंत्रं कामाच्या ओघाप्रमाणे लावता आली, इमारतीसुद्धा वेगळ्या बांधल्या गेल्या. तेव्हा कुठे विजेचं चीज झालं. यात कित्येक दशकं गेली.

मी शाफ्ट आणि पट्ट्यांवर चालणारं वर्कशॉप लहानपणी पाहिलंय. एक पट्टा तुटला की अख्खी रांग थांबायची, आणि शिडी लावून वर चढणारा माणूस ठरलेला असायचा. ताईंचं रजिस्टर म्हणजे तो शाफ्ट. तो काढायचा निर्णय मालकाचा, कंत्राटदार तो काढू शकत नाही. म्हणून कॉम्प्युटरवर पैसे घालायच्या आधी एक दिवस बसून बघावं की कुठला कागद दोनदा लिहिला जातो. त्याचं उत्तर मिळत नसेल तर वैरी म्हणतात तेच करावं, काहीही घेऊ नये.

शिलकी_खाते

कारखानदार काका, हे वाचून आमच्याकडची दोन रजिस्टरं डोळ्यांसमोर आली. उद्या बघतो.

फिरता_तंत्रज्ञ

कासेयाचं उत्तर द्यायचं राहिलं. वैरीसाहेब, ते उदाहरण खरं आहे आणि आमच्या धंद्याला लागलेलं आहे. एका माणसाकडे पन्नास ऑफिसांच्या किल्ल्या असल्या की चोर त्या माणसाकडेच जाणार. म्हणून मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: सगळ्यात वरचा ॲडमिन पासवर्ड आणि वेबसाइटच्या नावाची नोंदणी तुमच्या नावावर, तुमच्या तिजोरीत. माझ्याकडे फक्त कामापुरती किल्ली. कंत्राटदार याला नाखूश असेल तर त्याला नमस्कार करा. कित्येक धंद्यांचं डोमेन अजून जुन्या कंत्राटदाराच्या ईमेलवर आहे, भांडण होईपर्यंत ते कुणाला कळत नाही.

आणि "आपण लहान, आपल्याकडे कोण येतंय" हेही खरं नाही. अमेरिकेत २०१३ मध्ये टार्गेट या साखळी दुकानांतून चार कोटी कार्डांची माहिती चोरीला गेली. चोर आत आले ते त्यांचं कूलिंगचं काम करणाऱ्या एका ठेकेदाराचं लॉगिन चोरून. तो ठेकेदार लहानच होता. मोठ्याच्या घरात जायला लहानाची खिडकी बरी पडते.

पण सल्ला पुरे. एक प्रयोग करा, सगळ्यांनीच. मागच्या महिन्यातली एक कामाची फाइल निवडा. मूळ फाइलला हात न लावता ती बॅकअपमधून दुसऱ्या मशीनवर काढा, उघडा, आणि किती मिनिटं लागली ते इथे लिहा. हे मोठमोठ्यांना जमलेलं नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या इंजिनिअरने चुकून चालू डेटाबेसच उडवला. बॅकअपच्या पाच-पाच वाटा होत्या, ऐन वेळी एकही धड चालेना. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली प्रत होती म्हणून निभावलं.

खर्चाचा_वैरी

केला प्रयोग. माझ्याकडे दोन डिस्क, एका शुक्रवारी ही, पुढच्या शुक्रवारी ती. पहिलीवरून फाइल निघाली, नऊ मिनिटं. मिशीला पीळ देऊन दुसरी लावली. तिच्यावरची शेवटची फाइल सात महिन्यांपूर्वीची. जागा संपली होती. दर वेळी "पुरेशी जागा नाही" असा चौकोन येत असणार आणि आमचा मुलगा ओके दाबून घरी जात असणार.

प्रामाणिकपणे लिहिलंय, फार हसू नका.

शिलकी_खाते

हसत नाही, कारण माझं ऐका. धागा मी काढला, करार माझा, रोज सकाळी "बॅकअप यशस्वी" असा हिरवा मेल मलाच येतो. मागच्या महिन्यातली एका कॅटलॉगची फाइल मागवली. नाहीच. त्याच्या आधीचीही नाही. वर्षापूर्वी जागा कमी पडली म्हणून आम्ही डिझाईनच्या फाइली एका नव्या डिस्कवर हलवल्या होत्या. बॅकअप जुन्या फोल्डरचाच चालू आहे. रोज यशस्वीपणे.

खर्चाचा_वैरी

मग इतके दिवस पैसे कशाचे देत होतात?

शिलकी_खाते

हेच त्याला फोनवर विचारलं, आवाज चढवून. तो म्हणाला, "नवी डिस्क घेतलीत हे मला कुणी सांगितलं?" कुणीच सांगितलं नव्हतं. मग मी विचारलं, "वर्षात चार वेळा येऊन गेलास, तुला दिसली नाही?" त्यालाही उत्तर नव्हतं. आज संध्याकाळी येतोय. काय काय कुठे आहे त्याचा एक कागद दोघांनी मिळून लिहायचा आणि दर तीन महिन्यांनी एक फाइल माझ्यासमोर काढून दाखवायची, असं ठरलंय. करार मोडलेला नाही. अजून तरी.

हिशेबनीस_ताई

त्या कागदावर फोन करायचे जुने नंबरही लिहा.

दुपारची_झोप

प्रयोगासाठी भाच्याला फोन लावला. परीक्षा चालू आहे म्हणे, महिन्याने या म्हणाला. बॅकअप कशात घेतो विचारलं तर म्हणाला, "कुठला बॅकअप?"

खर्चाचा_वैरी

फिरता_तंत्रज्ञ, व्यनि (खासगी निरोप) केला आहे. करार वगैरे नाही, आधीच सांगतो. एकदाच येऊन बघून जा. आणि सर्व्हरचं नाव काढायचं नाही.