पूलमध्ये (बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ) बायका आणि पुरुष वेगळे का खेळतात? ताकदीचा खरंच संबंध आहे का?

खडूचा_तुकडा
वेटलिफ्टिंग, धावणं यात वेगळे गट का असतात ते कळतं. पण पूल? बॉल जागेवर उभा असतो, समोरचा तुम्हाला हातही लावत नाही, विचार करायला वेळही मिळतो (शॉट क्लॉक, म्हणजे शॉटला दिलेली ठरावीक वेळ, सोडा). मग प्रोफेशनलमध्ये बायकांच्या वेगळ्या स्पर्धा कशाला? आमच्यातला एकजण म्हणतो ब्रेकला (बॉल फोडणाऱ्या पहिल्या शॉटला) ताकद लागते म्हणून, मला काही ते पटलेलं नाही. जे नीट फॉलो करतात त्यांनी सांगा, फरक खरंच आहे का आणि असला तर कशामुळे. 'बायकांचं कामच नाही ते' टाइप ज्ञान नको प्लीज.

नाइनबॉल_वेडा
आधी एक गैरसमज. ज्यांना आपण 'पुरुषांच्या' म्हणतो त्यातल्या बऱ्याच मोठ्या स्पर्धा मुळात ओपन आहेत. यूएस ओपन नाइन बॉलला (नाइन बॉल हा पूलचाच एक प्रकार) बाई एन्ट्री भरू शकते, भरतातही. वेगळा गट आहे तो फक्त बायकांचा. म्हणजे प्रश्न खेळू देतात का हा नाहीच, खेळून शेवटपर्यंत पोचतात का हा आहे, आणि सध्या तरी क्वचितच.

फार्गो रेटिंग (पूल खेळाडूंचं कसब मोजणारे गुण) बघा, त्यात सगळे एकाच पट्टीवर असतात. 100 पॉइंटचा फरक म्हणजे वरचा दर 3 गेममधले 2 घेणार. टॉपचे पुरुष 800 च्या बरेच वर आहेत, टॉपच्या बायका 800 च्या जवळ पण बहुतेक खालीच. समजा 50 चा फरक धरला तर एका गेमला 59-41 असं काहीतरी पडतं, म्हणजे टेबलावर बघताना जाणवणारही नाही. पण रेस टू 9 (आधी 9 गेम घेईल त्याची मॅच) खेळा, तोच वरचा खेळाडू साधारण चारातल्या तीन मॅच मारतो, आणि स्पर्धा जिंकायची तर अशा कितीतरी मॅच लागोपाठ काढाव्या लागतात, तिथे सगळं संपतं.

सेफ्टी_फर्स्ट
ब्रेकची थिअरी मी बरीच वर्षं ऐकतोय. थोडं तथ्य आहे, नाही असं नाही. 9 नंबरचा बॉल टेबलावरच्या स्पॉटवर (ठरलेल्या खुणेवर) ठेवून रॅक (बॉलची सुरुवातीची मांडणी) लावला की कडेचा बॉल आपोआप कोपऱ्यातल्या खिशात जात नाही, मग जोर उपयोगी पडतो. पण नुसता जोर काय कामाचा, जोरात मारून क्यू बॉल (पांढरा बॉल) टेबलाच्या मध्यात थांबवता आला पाहिजे आणि ती टायमिंगची गोष्ट आहे. 2005 ची नाइन बॉल वर्ल्ड चॅम्पियनशिप तैवानच्या वू जिआ-चिंगने घेतली तेव्हा तो 16 वर्षांचा होता, बारका पोरगा. दंडात बेडकुळ्या असल्याशिवाय होत नाही म्हणणाऱ्यांनी याचं काय ते सांगावं.

आणि खरी गंमत स्नूकरमध्ये आहे. तिथे ब्रेक हळूच करायचा असतो, लाल बॉलना जेमतेम स्पर्श करून क्यू बॉल परत मागे आणायचा, ताकदीचा काडीचा संबंध नाही. तरी तिथला फरक पूलपेक्षा जास्तच दिसतो! रिॲन इव्हान्स 12 वेळा बायकांची वर्ल्ड चॅम्पियन, 2013 मध्ये वूशी क्लासिक या रँकिंग स्पर्धेच्या क्वालिफायिंगमधून मुख्य स्पर्धेत पोचणारी पहिली बाई, आणि 2021 मध्ये टूर कार्ड (प्रोफेशनल टूरवर खेळायची जागा) मिळाल्यावर मेन टूरवर मॅच जिंकताना तिची दमछाक झाली. ब्रेक हे कारण असतं तर स्नूकरमध्ये फरक मिटायला हवा होता.

माझ्या मते कारण आहे रोज कोणाशी खेळता ते. तुमची एक चूक झाली की समोरचा टेबल साफ करून बसतो, पुढची 20 मिनिटं तुम्ही खुर्चीत. अशा लोकांशी वर्षभर खेळलं की सेफ्टी (समोरच्याला सोपा शॉट न ठेवणं), पोझिशन (पुढच्या शॉटसाठी क्यू बॉल नीट थांबवणं) सगळं आपोआप घट्ट होतं. बायकांच्या टूरवर चूक माफ होते असं नाही, पण अशी शिक्षा देणाऱ्या मोजक्याच, कारण मुळात खेळायला येणाऱ्या मुलीच कमी.

जुना_क्लॉथ
थोडा इतिहास. मासाको कात्सुरा, जपानची, कॅरम बिलियर्ड्स (खिसे नसलेल्या टेबलावरचं) खेळायची. 1952 ला सॅन फ्रान्सिस्कोत थ्री-कुशनच्या (त्यातलाच एक प्रकार) वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये पुरुषांत उतरली, सातवी आली. 1953 ला पाचवी, 1954 ला चौथी. दरवर्षी वर सरकली, त्याच लोकांशी खेळून. पहिल्या मॉस्कोनी कपमध्येही (पूलची अमेरिका विरुद्ध युरोप टीम स्पर्धा, 1994) बायका होत्या, अमेरिकेकडून जिनेट ली आणि व्हिव्हियन व्हिलारियल, युरोपकडून ॲलिसन फिशर. नंतर तो पुरुषांचाच झाला.

नाइनबॉल_वेडा
@सेफ्टी_फर्स्ट सगळं मान्य, पण मग बायकांची टूर बंदच करा म्हणणारे लगेच टपकतील. ती बंद केली तर उरलंसुरलं बक्षीसही जाईल आणि ज्या आत्ता पूर्णवेळ खेळतायत त्याही नोकरीला लागतील. दोन्ही चालू ठेवा, ओपनमध्ये बायकांना जास्त जागा द्या.

खडूचा_तुकडा
भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. मग ओपनमध्ये अल्टरनेट ब्रेक (आळीपाळीने ब्रेक) ठेवला तर? म्हणजे ज्याचा ब्रेक तगडा तो सलग गेम काढून पळून जाणार नाही.

सेफ्टी_फर्स्ट
नाही हो, तसं वाटतं फक्त. दोघांची आपापल्या ब्रेकवर गेम जिंकायची शक्यता तीच राहत असेल तर विनर ब्रेक (गेम जिंकणाराच पुढचा ब्रेक करतो) ठेवा नाहीतर अल्टरनेट, मॅच जिंकण्याची शक्यता बदलत नाही, गणित करून बघा. अल्टरनेटमध्ये 9-3 च्या जागी 9-6 दिसतं इतकंच. फरक पाडायचाय तर रेस छोटी करा, पण मग टॉपचे पुरुषच आधी बोंबलतील 🙂